नाव कुणी ठेवायचं?



मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका बचत गटातून सात जणी बाहेर पडल्या आणि त्यांनी आपला वेगळा गट केला. पैशाचा हिशेब एका बैठकीत मिटला. नावावरून मात्र तीन बैठका गेल्या. जुन्या गटाचं म्हणणं, तुम्ही आमच्यातूनच निघालात, आमच्याच नावापुढे 'भाग दोन' लावा. त्यावर एक काकू म्हणाल्या, "आम्ही काय कुणाचं शेपूट आहोत?"

तेव्हा आम्हाला बांगलादेशाची गोष्ट आठवली. आज तीच सांगणार आहोत.

१९४७ साली पाकिस्तान झाला तो दोन तुकड्यांत. मध्ये भारताची सुमारे १६०० किलोमीटर जमीन. पूर्वेकडच्या प्रांताचं नाव होतं पूर्व बंगाल. माणसं तिकडे जास्त, पण सत्ता पश्चिमेकडे. राष्ट्रभाषा फक्त उर्दूच, असा हट्ट सुरू झाला, तेव्हा ढाक्यातले विद्यार्थी बंगालीसाठी रस्त्यावर उतरले. २१ फेब्रुवारी १९५२ ला त्यांच्यावर गोळीबार झाला, मुलं मेली.

पुढे १९५५ साली प्रांताचं नावच बदललं. पूर्व बंगालचा 'पूर्व पाकिस्तान' झाला. शेख मुजीबुर रहमान यांनी संविधान सभेत विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, बंगाल या शब्दाला इतिहास आहे, तो बदलायचा तर आधी तिथल्या लोकांना विचारा. कुणी विचारलं नाही. शेवटी ५ डिसेंबर १९६९ ला मुजीब यांनीच जाहीर केलं, आमच्या भूमीचं नाव बांगलादेश.

१९७० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला साऱ्या पाकिस्तानात बहुमत मिळालं, तरी सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर झालं. नऊ महिने युद्ध चाललं आणि १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली ती १९७४ साली.

देशाला हवं ते नाव मिळालं. पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपत नाही.

त्या नऊ महिन्यांत सैनिकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हजारो बायकांवर बलात्कार केले. युद्ध संपताच नव्या सरकारने या बायकांना एक नाव दिलं, वीरांगना. हेतू चांगला होता. घरच्यांनी त्यांना परत घ्यावं, समाजाने मान द्यावा. पण हे नाव तुम्हाला हवं का, असं त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. गावोगावी लोकांनी वीरांगनाचं वारांगना केलं. आपल्या मराठीतही या दोन शब्दांत एका वेलांटीचा फरक आहे, अर्थात मात्र जमीन-अस्मानाचा. मानाचं नाव टोमणा झालं. कितीतरी जणींनी तोंड मिटून जन्म काढला.

शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी मात्र १९९९ साली आपल्यावर काय गुदरलं ते स्वतः जगाला सांगितलं. २०१५ पासून तिथलं सरकार या बायकांना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता देऊ लागलं. म्हणजे लढलेल्या पुरुषांना मिळतो तोच दर्जा आणि भत्ता. चव्वेचाळीस वर्षं लागली. तोवर बऱ्याच जणी गेल्या होत्या.

ज्या देशाचं भांडणच 'आम्हाला न विचारता नाव बदललं' हे होतं, तोही आपल्या बायकांना विचारायचं विसरला.

हे आपल्याला लांबचं वाटेल. पण आपल्या गटाचं रजिस्टर उघडून बघा. नावापुढे आपण सहज लिहितो 'विधवा', 'परित्यक्ता'. सरकारी अर्जात लिहावं लागतं, ते लिहू. पण बैठकीत मोठ्याने वाचायलाच हवं का? आमच्या एका ताईंनी सांगितलं, "माझ्यापुढे शेतकरी लिहा, शेती मीच करते." आम्ही लगेच खोडून तसं लिहिलं.

आणि त्या सात जणींचं म्हणाल, तर चौथ्या बैठकीत प्रत्येकीला विचारून त्यांनी आपलं नवं नाव ठरवलं. शिक्का करायला टाकलाय.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एकेकीला विचारा, बाई, तुला काय म्हणू?