फनी गर्लचे पुनरुज्जीवन आणि पात्रनिवडीविषयीचे तर्कवितर्क

फनी गर्ल ही १९६४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेली अमेरिकन संगीतिका आहे. तिचे संगीत ज्यूल स्टाइन यांचे, गीते बॉब मेरिल यांची आणि संहिता इझोबेल लेनार्ट यांची आहे. मूळ प्रयोग १९६७ साली बंद झाल्यानंतर २०२२ पर्यंत ही संगीतिका नव्या संचात ब्रॉडवेवर आली नाही. या ५५ वर्षांच्या काळात, विशेषतः २००९ नंतर, 'फॅनी ब्राइसची भूमिका आता कोण करणार' या प्रश्नावर नाट्यरसिकांमध्ये सतत तर्कवितर्क होत राहिले. पात्रनिवडीविषयी चाहत्यांच्या अपेक्षा कशा तयार होतात आणि त्यांचा प्रत्यक्ष काम करणाऱ्या कलावंतांवर काय परिणाम होतो, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

संगीतिकेची नायिका फॅनी ब्राइस (१८९१–१९५१) ही खरोखर होऊन गेलेली विनोदी अभिनेत्री आणि गायिका होती. रूढ अर्थाने सुंदर न मानली जाणारी एक मुलगी विनोद आणि आवाजाच्या बळावर झिगफेल्ड फॉलीज या प्रसिद्ध कार्यक्रमाची तारका होते, पण जुगारी पती निक आर्नस्टीन याच्याशी असलेले तिचे नाते टिकत नाही, असे याचे कथानक आहे. मूळ निर्माते रे स्टार्क हे ब्राइस यांचे जावई होते.

मुख्य भूमिकेसाठी सुरुवातीला ॲन बॅनक्रॉफ्ट आणि कॅरॉल बर्नेट यांच्यासह अनेक नावांचा विचार झाला. अखेर ही भूमिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांना मिळाली. २६ मार्च १९६४ रोजी विंटर गार्डन थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या. डिसेंबर १९६५ मध्ये मिमी हाइन्स यांनी ही भूमिका स्वीकारली आणि एकूण १,३४८ प्रयोगांनंतर नाटक बंद झाले. १९६८ सालच्या चित्रपटासाठी स्ट्रायसँड यांना कॅथरिन हेपबर्न यांच्यासह विभागून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांमुळे त्यांचा आवाज व विनोदाची शैली हेच या भूमिकेचे प्रमाण मानले जाऊ लागले आणि पुढील प्रत्येक अभिनेत्रीची तुलना त्यांच्याशीच होत गेली.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

२०११ मध्ये दिग्दर्शक बार्टलेट शेर यांच्या नियोजित संचासाठी लॉरेन अँब्रोज यांची निवड जाहीर झाली होती. मात्र गुंतवणुकीअभावी तो प्रकल्प प्रयोगापूर्वीच रद्द झाला. लंडनमध्ये मायकेल मेयर यांच्या दिग्दर्शनाखाली आणि हार्वी फायरस्टीन यांनी सुधारलेल्या संहितेसह २०१५ च्या अखेरीस नवा संच आला. त्यात शेरिडन स्मिथ यांची मुख्य भूमिका होती. २०१६ मध्ये त्या प्रकृतीच्या कारणास्तव काही काळ रजेवर असताना बदली कलाकार नताशा बार्न्स यांनी प्रयोग सांभाळले आणि प्रशंसा मिळवली.

ग्ली मालिकेचा प्रभाव

चाहत्यांच्या तर्कांना निश्चित दिशा मिळाली ती ग्ली (२००९–२०१५) या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. त्यात लिया मिशेल यांनी साकारलेली रेचल बेरी ही विद्यार्थिनी स्ट्रायसँड यांची निस्सीम चाहती असून फॅनीची भूमिका करण्याचे स्वप्न पाहते. मालिकेच्या पाचव्या पर्वात ती ब्रॉडवेवरील काल्पनिक पुनरुज्जीवनात ही भूमिका मिळवते. मिशेल यांनी मालिकेत या संगीतिकेतील अनेक गाणी गायिली होती. मालिकेचे एक निर्माते रायन मर्फी संगीतिका पुन्हा रंगभूमीवर आणणार असल्याची चर्चाही होती, परंतु ते घडले नाही. पात्राची इच्छा आणि अभिनेत्रीची इच्छा यांतील सीमारेषा प्रेक्षकांच्या मनात पुसट झाली आणि ही भूमिका मिशेल यांनाच मिळणार, असे अनेक चाहते गृहीत धरू लागले.

२०२२ चा संच

ऑगस्ट २०२१ मध्ये मेयर यांच्याच दिग्दर्शनाखालील ब्रॉडवे संचासाठी बीनी फेल्डस्टीन यांचे नाव जाहीर झाले. त्या दिवशी समाजमाध्यमांवर निवड झालेल्या अभिनेत्रीइतकीच निवड न झालेल्या मिशेल यांची चर्चा झाली. २०२० मध्ये काही माजी सहकलाकारांनी मिशेल यांच्या वर्तनाविषयी जाहीर तक्रारी केल्या होत्या आणि मिशेल यांनी माफी मागितली होती. त्यामुळे या चर्चेत उपरोधाचाही मोठा वाटा होता.

२६ मार्च २०२२ रोजी, म्हणजे मूळ पहिल्या प्रयोगाच्या वर्धापनदिनी, ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये पूर्वप्रयोग सुरू झाले. औपचारिक शुभारंभ २४ एप्रिल रोजी, स्ट्रायसँड यांच्या ८० व्या वाढदिवशी झाला. समीक्षकांनी फेल्डस्टीन यांच्या विनोदी अभिनयाची दखल घेतली, परंतु गायन भूमिकेच्या मागणीला पुरे पडत नाही, असा अनेकांचा सूर होता. टोनी पुरस्कारांसाठी या संचाला केवळ एक नामांकन मिळाले आणि ते सहायक अभिनेते जेरेड ग्राइम्स यांना होते.

मुख्य भूमिकेतील बदल

जून २०२२ मध्ये फेल्डस्टीन सप्टेंबरअखेर नाटक सोडणार असल्याचे जाहीर झाले. त्यांची जागा कोण घेणार हे मात्र लगेच सांगण्यात आले नाही आणि या रिकाम्या जागेत तर्कांना पुन्हा उधाण आले. १० जुलै रोजी फेल्डस्टीन यांनी निर्मात्यांनी वेगळी दिशा घेण्याचे ठरवल्याचे नमूद करून आपण ३१ जुलै रोजीच निरोप घेत असल्याचे कळवले. दुसऱ्याच दिवशी मिशेल यांचे नाव अधिकृतपणे घोषित झाले. नायिकेच्या आईची भूमिका करणाऱ्या, ग्लीमधीलच कलाकार जेन लिंच यांच्याऐवजी टोवा फेल्डशू येणार असल्याने दोघींमधील मतभेदाच्या वावड्याही उठल्या. लिंच यांनी त्यांचा इन्कार केला.

मिशेल यांचा पहिला प्रयोग ६ सप्टेंबर २०२२ रोजी झाला. तिकीटविक्री झपाट्याने वाढली आणि थिएटरच्या साप्ताहिक उत्पन्नाचा विक्रम मोडला गेला. या संचाची ध्वनिमुद्रिका मिशेल यांच्याच आवाजात निघाली. पुनरुज्जीवनाचा ब्रॉडवेवरील शेवटचा प्रयोग ३ सप्टेंबर २०२३ रोजी झाला.

बदली कलाकाराचे स्थान

दोन प्रसिद्ध नावांवरील चर्चेत ज्युली बेंको यांचे योगदान आरंभी दुर्लक्षित राहिले. फेल्डस्टीन आजारपणामुळे अनुपस्थित असताना बेंको ही भूमिका करत. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन नायिकांमधील काळात त्यांनीच नाटक चालू ठेवले आणि पुढे दर गुरुवारचा प्रयोग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. आठवड्याला आठ प्रयोगांच्या ब्रॉडवे पद्धतीत इतकी गायनप्रधान भूमिका एकाच व्यक्तीने अखंड करणे किती अवघड आहे, हे यातून दिसते. चाहत्यांच्या तर्कांमध्ये हा व्यावहारिक भाग क्वचितच येतो.

महत्त्व

या प्रकरणात चाहत्यांनी वर्तवलेली निवड अखेरीस खरी ठरली. तथापि निर्मात्यांचा निर्णय चाहत्यांच्या दबावामुळे झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रतिकूल परीक्षणे आणि उत्पन्नातील घट ही कारणेही समोर होती. तर्कवितर्कांनी विस्मरणात जाऊ शकणाऱ्या संगीतिकेविषयीचे कुतूहल जागते ठेवले, परंतु त्यामुळेच फेल्डस्टीन यांना एका पूर्वसुरीच्या आणि एका संभाव्य वारसदाराच्या तुलनेला एकाच वेळी सामोरे जावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिका दौऱ्यात तुलनेने अपरिचित असलेल्या कॅटरिना मॅक्रिमन यांनी फॅनीची भूमिका केली. १९६४ मध्ये स्ट्रायसँड यांचेही ब्रॉडवेवरील हे दुसरेच नाटक होते.