वसईच्या घंटा

वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा अजून उभा आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या काळात, १६०१ साली, या चर्चची पुनर्बांधणी झाल्याचे तिथल्या शिलालेखात नोंदलेले आहे. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचीही चर्चे होती. त्यांची छपरे गेली, लाकूडकाम गेले. उपासनेच्या नादातले टिकले ते काशाचे. ते ऐकण्यासाठी मात्र वसई सोडून नाशिक, भीमाशंकर किंवा वाईजवळच्या मेणवलीला जावे लागते.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. परंपरा एवढे सांगते, पण त्यातले तपशील तपासून घ्यावे लागतात. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बाळ येशूची आकृती आणि १७०७ हे साल आहे. हा गाव वसवणारे नाना फडणवीस जन्मले १७४२ मध्ये, तर चिमाजी आप्पांचे निधन १७४० मध्येच झाले होते. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ साल आहे. ते मंदिर १७४७ चे. म्हणजे या दोन घंटा आजच्या जागी पोहोचण्यापूर्वी काही वर्षे दुसरीकडे असणार. शिवाय १७३७ ते १७३९ या मोहिमेत साष्टी, माहीम, तारापूर अशी इतर ठाणीही पडली, त्यामुळे प्रत्येक घंटा वसईचीच असेल असे धरून चालता येत नाही. वसई पडली तेव्हा मेणवलीची घंटा बत्तीस वर्षांची होती आणि नाशिकची अवघी अठरा. त्यांचे बहुतेक आयुष्य देवळांच्या सान्निध्यात गेले आहे.

अशी घंटा पंचधातूची असल्याचे सर्रास सांगितले जाते. युरोपीय पद्धतीच्या घंटेचे कासे मात्र साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे असते. कथिलामुळे नाद लांबतो, पण धातू ठिसूळही होतो. घंटेची जाडी सर्वत्र सारखी नसते: सर्वात जाड भाग काठाजवळ, लोळा आदळतो तिथे असतो. एका ठोक्यातून अनेक स्वर निघतात. ठोक्याचा स्वर षड्ज मानला तर त्याखाली, सुमारे एका सप्तकाच्या अंतरावर, घुमारा असतो आणि वर कोमल गंधार. चर्चच्या घंटेतली कातरता या गंधाराची आहे. हे स्वर आतून धातू कोरून जुळवण्याची कला नेदरलँड्समध्ये हेमोनी बंधूंनी सतराव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध केली. त्याच सुमारास गोव्यातही मोठे ओतकाम होत होते. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधली ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळीत ओतली गेली.

मनोऱ्यात उंच टांगलेल्या घंटेचा नाद गावभर पसरतो आणि तिला हात लावायला फारसे कुणी जात नाही. जमिनीजवळ आलेली घंटा कुणाच्याही हाताला लागते, आणि खरी काळजी इथून सुरू होते. लोळा वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आदळला की काठ झिजतो. त्यावर उपाय आहे: घंटा पाव फेरा फिरवून पुन्हा टांगायची, म्हणजे आघाताला नवी जागा मिळते. लोळ्याऐवजी दगडाने किंवा लोखंडी सळीने ठोकल्यास तडा जाण्याची भीती असते. तडा गेला की नाद चिरका होतो आणि साधे डाग देऊन तो सांधत नाही. सांधायचा तर संपूर्ण घंटा सावकाश तापवावी लागते, आणि वितळवून नवी ओतली तर लेख व आकृती कायमच्या जातात. तैलरंगाचा हात हा त्याहून नकळत होणारा घात आहे. रंगाचा थर कंप दाबतो आणि अक्षरांच्या खाचा भरून टाकतो.

नेमकी ती अक्षरेच सर्वाधिक मोलाची आहेत. संताचे नाव, संघाचे चिन्ह किंवा ओतणाऱ्याची खूण स्पष्ट वाचता आली तर ती घंटा मूळ कोणत्या चर्चची, याचा माग लागू शकतो. त्यासाठी लेखाचे कागदी ठसे, काठाची मापे आणि नादाचे ध्वनिमुद्रण एवढे करून ठेवणे निकडीचे आहे. त्याला घंटा जागेवरून हलवावीही लागत नाही.