मखमलीवरचा पुरावा

वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने शरीराला त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही, हे खरे का, असा प्रश्न वाचकांकडून नेहमी येतो. त्याचे उत्तर असे, की औषधाला दाद देईनासे होते ते शरीर नव्हे, जंतू. आणि त्या जंतूंच्या ठायी ही शक्ती औषध स्वतः निर्माण करत नाही.

१९५२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने हे ज्या प्रयोगाने सिद्ध केले, त्याच्या साधेपणाचे मला आजही नवल वाटते. दट्ट्यावर ताणून बसवलेली निर्जंतुक मखमल जंतूंच्या वसाहतींनी भरलेल्या बशीवर हलकेच टेकवायची आणि कचेरीतला शिक्का एकामागून एक कागदांवर उमटावा तसा तो ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बश्यांवर उमटवायचा, एवढीच ती कृती. बहुतेक सारे जंतू नष्ट झाले. जे थोडे वाढले ते मात्र प्रत्येक बशीत नेमक्या त्याच जागी वाढले. आणि औषधाचा स्पर्शही न झालेल्या मूळ बशीतील त्या जागांवरचे जंतू घेऊन हाच क्रम पुनःपुन्हा चालवला असता औषधाला न जुमानणारा वंश हाती आला. म्हणजे उत्परिवर्तनाने झालेले तुरळक प्रतिकारक्षम जंतू तेथे आधीपासूनच होते. औषधाने त्यांचे प्रतिस्पर्धी मारून त्यांना रान मोकळे करून दिले.

मखमलीची युक्ती एस्थरची होती, आणि ती तिला पावडरच्या डबीतील मऊ गादीवरून सुचली असे सांगतात. त्याच वर्षी या दोघांनी कावाली-स्फोर्झा यांच्यासह असा घटक वर्णिला, की जो असलेला जंतू आपली जनुके शेजारच्या जंतूला देऊ शकतो. जंतूंच्या आनुवंशिकतेवरील कार्याबद्दल १९५८ चे नोबेल जोशुआला, बीडल आणि टेटम यांच्यासह मिळाले. एस्थरला त्यात वाटा मिळाला नाही. हा अन्याय नमूद केल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. गावच्या आरोग्याला मात्र या दोन्ही शोधांचा अर्थ आज अधिकाधिक लागू पडतो.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांवर घेतलेली अँटिबायोटिकची गोळी विषाणूला काहीच करत नाही, पण आतड्यातील असंख्य निरुपद्रवी जंतूंमध्ये तीच निवड घडवते, आणि त्यांनी जपलेली प्रतिकारक्षम जनुके पुढे रोगजंतूंच्या हाती, सांडपाण्यातून आणि अस्वच्छ हातांतून शेजाऱ्याच्या घरीही, जाऊ शकतात. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिकारक्षम जंतूंमुळे झाले, असा अंदाज आहे.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तेव्हा पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे हे राष्ट्रकार्य होते; आज ते आणि त्याची भावंडे निकामी होऊ न देणे हेही तितकेच मोलाचे कार्य आहे. कायदा आपल्या बाजूस आहे: १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधे (त्यांत अनेक अँटिबायोटिक येतात) विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि पाकिटावरची तांबडी उभी रेघ चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नये, एवढे सांगते. पण नोंदवही अंमलात येते ती गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन जाते तेव्हाच. म्हणून मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, शेजारणीला देऊ नयेत. डॉक्टरांनाही ‘जोराचे काहीतरी द्या’ असा आग्रह न धरता ‘हा आजार जंतूंचा की विषाणूंचा?’ असे विचारावे. आणि खरोखर गरज असेल तेव्हा ठरवून दिलेली मात्रा ठरवून दिलेले दिवस घ्यावी. लस, साबण आणि स्वच्छ पाणी यांनी जेवढे आजार टळतील तेवढे औषध वाचेल. आशाताई, शिक्षक आणि ग्रामपंचायत यांनी हे घरोघरी सांगितले, तर प्रसूतीनंतरच्या जंतुसंसर्गात किंवा तान्ह्या बाळाच्या न्यूमोनियात हीच औषधे उद्याही प्राण वाचवतील.