भाजीच्या मळ्यातील पहिली चार वर्षे

बेळगावच्या पश्चिमेस व उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात पिकणारी भाजी पहाटेच शहराच्या बाजारात येते आणि तेथून बरीचशी घाट उतरून गोव्यात जाते. सुमारे अडीच हजार फुटांची उंची, थंड हवा आणि वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस यांमुळे कोबी, फ्लॉवर, बटाटा, रताळी व मिरची या पिकांना ही भूमी मानवते. याच पट्ट्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. वडिलांच्या पश्चात ती भाऊबंद कसत होते. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांतील तीस गुंठे मी भाजीसाठी स्वतःकडे घेतले. पहाटेचे दोन तास मळा आणि नंतर दवाखाना, असा क्रम तेव्हापासून सुरू झाला.

तपासल्याखेरीज औषध लिहू नये, ही आपल्या व्यवसायाची शिकवण. म्हणून प्रथम मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०.४ टक्के आले, ०.५ च्या खाली ते कमी समजतात. माती अशक्त होती. त्यामुळे पहिल्या मृगावर भाजी न लावता ताग पेरला आणि तो फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडला. नंतर शेणखत घातले. कापणीयोग्य काहीच न पिकविता एक हंगाम घालविणारा शेतकरी पाहून शेजाऱ्यांची करमणूक झाली असावी.

भाजीच्या मळ्याला प्रत्येक ऋतूत निराळी चिंता असते. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात सरीतील पाणी वाहते ठेवावे लागते. ते साचले की रोपे मुळाशी कुजून कोलमडतात आणि ढगाळ हवेत बटाट्यावर करपा येतो. म्हणून गादीवाफे उंच केले. थंडी हा खरा भाजीचा काळ. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर दीड महिन्यात आणि कोबी लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांत निघतो. परंतु तो सर्वांचाच एकदम निघतो आणि भाव कोसळतो. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. तेव्हा ठिबकवर भेंडी, गवार व काकडी एवढेच जगते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत मार्कंडेयचे पाणी मळ्यात शिरले आणि पाच दिवसांनी ओसरले. मिरची व बीन्स समूळ गेले; शिवाय वरची कसदार मातीही वाहून गेली.

तथापि मला अधिक अस्वस्थ केले ते एका छापील ओळीने. प्रत्येक कीटकनाशकासोबतच्या माहितीपत्रकात फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, ते दिलेले असते. डब्यावरील चौकोनाचा रंगही काही सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेचे रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले आहेत. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम, आणि रात्रभर चाललेले ॲट्रोपिन. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. कायदा आहे. मग प्रतीक्षेचे दिवस शिवारात पाळले का जात नाहीत?

याचे उत्तर शेजारच्या मळ्यातील काकांनी दिले. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्यांचा फ्लॉवर काढणीस आला असताना अळी पडली. फवारणीनंतर थांबावे, असे मी सुचविले. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बरं हाय की ओ डॉक्टर. तुमचा पेशंट उद्या येतोय. माझा फ्लॉवर उद्यापतोर थांबत न्हाई."

त्यांचे म्हणणे खरे होते. तयार गड्डा चार दिवस राहिला की पिवळा पडून सुटतो. थांबावे तर माल जातो, न फवारावे तर भोके पडतात, आणि भोक पडलेल्या गड्ड्याला बाजारात निम्माही भाव येत नाही. थांबण्याची सारी किंमत एकटा शेतकरी मोजतो. मला ती मोजता येत होती, कारण माझे घर दवाखान्यावर चालत होते.

त्या संभाषणानंतर आम्ही दोघांनी मिळून काही प्रयोग केले. कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या. चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो आणि कोबी बराचसा वाचतो. अंडी दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. कोणत्या वाफ्यावर कधी काय मारले, याची रुग्णपत्रिकेसारखी वही ठेवली. विक्रीसाठी ओळखीची चाळीस घरे निवडली. त्यांना वर्षभर एकच दर आणि अट एवढीच, की भोकासह भाजी घ्यावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, गोव्याच्या सीमेवर गाड्या अडकल्या, काहींनी उभ्या पिकात नांगर घातला. त्या दिवसांत ही चाळीस घरे साठांवर गेली आणि काकांची भाजीही त्यांत जाऊ लागली. पहिली तीन वर्षे तोट्याची होती. चौथ्या वर्षी जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली. काकांनी त्या वर्षी आपला निम्मा मळा वहीखाली आणला. उरलेला निम्मा अजून बाजाराच्या भरवशावर आहे, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे मला शक्य नाही.

व्यवसायबंधूंना व भगिनींना एक विनंती करावीशी वाटते. "पालेभाज्या भरपूर खा, पण स्वच्छ धुऊन," असे आपण रुग्णांना सांगतो. धुण्याने वरवरचे विष काही अंशी जाते. मोनोक्रोटोफॉससारखे जे वनस्पतीच्या रसात मिसळते, ते जात नाही. म्हणून शेतावरील रुग्ण डोकेदुखी किंवा घामाची तक्रार घेऊन आला, तर फवारणी केली होती का, कोणत्या रंगाचा डबा होता, हे अवश्य विचारावे. आणि घरी कोबी घेताना अळीने खाल्लेले वरचे पान दिसले, तर तो गड्डा परत ठेवू नये. पान काढून टाकावे आणि पूर्ण दाम द्यावा. शेतकऱ्याला चार दिवस थांबता यावे, यासाठी आपल्या हाती आज एवढे निश्चित आहे.