बंद दरवाजांची दंतकथा

चीन, जपान आणि कोरिया या तीन देशांविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनावर क्रमिक पुस्तकांतून जे चित्र एकदा बिंबते ते असे की, चिन्यांनी भिंत बांधून घेतली, जपान्यांनी दरवाजे लावून घेतले, कोरियनांनी चीनचे अनुकरण करण्यात आयुष्य घालवले आणि पाश्चात्त्यांच्या तोफा धडाडेपर्यंत हे तिघेही घोर निद्रेत होते. या चित्रात सत्याचा अंशच नाही असे नव्हे. परंतु जो आहे त्याच्या आधारावर उरलेला सारा असत्याचा डोलारा उभा आहे.

भिंतीचे प्रकरण लवकर निकालात निघते. ख्रिस्तपूर्व 221 मध्ये चीन एकछत्री अमलाखाली आणणाऱ्या छिन सम्राटाने जी तटबंदी सांधून घेतली ती मुख्यतः ठोकून घट्ट केलेल्या मातीची होती. आज छायाचित्रांत दिसणारी विटादगडांची भिंत बहुतांशी मिंग राजवटीची, म्हणजे दीड हजाराहून अधिक वर्षांनंतरची आहे, आणि 1449 मध्ये तूमूच्या रणांगणावर खुद्द बादशहाच मंगोलांच्या हाती सापडल्यावर पुढील काळात तिच्या बांधकामाला जोर चढला. ती चंद्रावरून दिसते ही तर निव्वळ लोणकढी. 2003 मध्ये अंतराळात गेलेला पहिला चिनी अंतराळवीर यांग लीवेइ यालाही ती दिसली नव्हती. शिवाय याच मिंगांच्या आरमाराने झंग ह याच्या आधिपत्याखाली 1405 ते 1433 या काळात सात सफरी करून कालिकत, होर्मुझ आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा गाठला होता. सरकारी सफरी पुढे बंद पडल्या हे खरे. पण 1567 मध्ये फूच्यान किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना समुद्रगमनाचे परवाने मिळू लागले आणि अमेरिका खंडातील चांदी मनिलामार्गे चीनमध्ये लोटू लागली.

कोरियावरील अनुकरणाचा आरोप अधिक अन्यायकारक आहे. 1377 मध्ये च्योंगजू येथील हुंगदोक मठात धातूच्या सुट्या खिळ्यांनी ‘चिकजी’ नावाचा बौद्ध ग्रंथ छापला गेला तेव्हा गुटेनबर्गचे बायबल निघण्यास अजून पाऊणशे वर्षे अवकाश होता. त्या ग्रंथाचा उपलब्ध असलेला एकमेव खंड आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पुढे राजा सेजोंग याने 1446 मध्ये 28 अक्षरांची स्वतंत्र लिपी जाहीर केली, आणि तिच्यातील मूळ व्यंजनांची रूपे जीभ, ओठ, दात, कंठ यांच्या उच्चारकालीन ठेवणीवरून बेतली. गंमत अशी की, चिनी अक्षरे सोडणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, अशी लेखी तक्रार छ्वे मानरी प्रभृती दरबारी पंडितांनी 1444 मध्येच गुदरली होती. अनुकरणाचा आग्रह धरणारे कोरियात होते खरे, पण राजाने त्यांना जुमानले नाही.

आता जपान. तोकुगावा शोगुनांनी 1630 च्या दशकात लागोपाठ फर्माने काढून प्रजेला परदेशगमनाची बंदी केली आणि 1639 मध्ये पोर्तुगीजांना कायमचे हद्दपार केले. त्या आधीच्या मोकळ्या काळात आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया तेथे मिशनऱ्यांचा दुभाष्या म्हणून वावरत होता. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर चढविल्या गेलेल्या 26 जणांत तोही होता. तोकुगावांच्या बंदीचाही मुख्य रोख ख्रिस्ती धर्मावर होता, व्यापारावर नव्हे. व्यापार शोगुनांना हवा होता, फक्त आपल्या नजरेखाली. म्हणून चार दारे ठेवली गेली: नागासाकीत चिनी व डच, त्सुशिमामार्गे कोरिया, सात्सुमामार्गे र्‍यूक्यू बेटे आणि उत्तरेस मात्सुमाएमार्गे आइनू लोक. कोरियाचे वकील तर 1607 ते 1811 या काळात बारा वेळा शेकडो माणसांच्या लवाजम्यासह जपानात आले.

यांपैकी नागासाकीचे दार पाहण्यासारखे आहे. देजिमा हे भराव घालून तयार केलेले पंख्याच्या आकाराचे चिमुकले बेट. किनाऱ्याशी त्याला जोडणारा पूल एकच, आणि त्यावर पहारा. 1641 पासून डच व्यापारी तेथे जवळजवळ नजरकैदेत राहत. दरवर्षी जहाज आले की दुभाष्यांनी जगातील घडामोडींची विचारपूस करून अहवाल लिहायचा आणि तो एदोला (आजच्या टोकियोला) शोगुनाच्या दप्तरी रुजू व्हायचा, असा शिरस्ताच होता. ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या परदेशी ग्रंथांवरील निर्बंध 1720 मध्ये सैल झाले, आणि त्याचे फळ 1771 मध्ये दिसले. एदोच्या वधभूमीवर देहान्त शिक्षा झालेल्या एका वृद्धेचे शवविच्छेदन पाहण्यास सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू हे वैद्य गेले, तर दोघांच्याही हाती शरीररचनेचे एकच डच पुस्तक निघाले. समोरचा देह पुस्तकातील आकृत्यांशी तंतोतंत जुळत होता आणि परंपरागत वैद्यकाच्या वर्णनाशी जुळत नव्हता. डच भाषेचे ज्ञान जेमतेम असतानाही त्यांनी भाषांतर हाती घेतले, एकेका शब्दापाशी अडत ते पुरे केले आणि 1774 मध्ये छापून प्रसिद्ध केले.

राहता राहिला अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीने झोपलेल्या जपानला जागे केल्याचा प्रवाद. 1853 च्या जुलैमध्ये त्याची चार जहाजे उरागापाशी नांगरली खरी, पण अमेरिकेचे आरमार येऊ घातले आहे ही खबर डचांनी आदल्याच वर्षी शोगुनाच्या अधिकाऱ्यांना दिली होती; तिच्यावरून बंदोबस्त मात्र पुरेसा झाला नाही, आणि याचा दोष अज्ञानाला देता येत नाही. 1854 मध्ये कानागावाच्या तहाची बोलणी झाली ती बऱ्याच अंशी डच भाषेतून, आणि जपानच्या बाजूने मुख्य दुभाष्या होता मोरियामा एइनोसुके, नागासाकीच्या वंशपरंपरागत डच दुभाष्यांपैकी एक.