मालवणचे प्रवाळ आणि डोंगरउतारावरील माती

घाटावरील काही शेतकऱ्यांची अभ्याससहल घेऊन प्रस्तुत लेखक हिवाळ्यात मालवणास गेला होता. ओहोटीच्या वेळी होडीतून उतरून त्यांपैकी एक गृहस्थ कमरभर पाण्यातील एका गोल खडकावर उभे राहिले. तोच नावाडी ओरडला, "दादानू, तो धोंडो न्हय, जितो आसा!" गृहस्थ ओशाळून खाली उतरले, पण दगडाला जीव कसा, ही त्यांची शंका काही जाईना.

शंका रास्त होती. प्रवाळ, म्हणजेच पोवळे, हा असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा समूह होय. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते; ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाकाठी साधारण एक सेंटीमीटर अथवा त्याहून कमी असते. वीतभर उंचीचा गोळा तयार होण्यास वीसेक वर्षे लागतात. तो मोडण्यास एक पाऊल पुरते. या कपारींत माशांची पिले आसरा घेतात व वाढतात.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून, सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे ३ चौरस किलोमीटर भाग गाभाक्षेत्र मानला जातो. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छिमारांनी त्यास विरोध केला. तो विरोध केवळ अज्ञानामुळे होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्यास प्रथम विचारावयास हवे.

पाहुण्यांनी पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रवाळावर उभे राहू नये, त्यास हात लावू नये. नांगर वाळूतच टाकण्यास नावाड्यास सांगावे. मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकण्याची प्रथा पडली आहे, ती सोडावी. प्रवाळाचा तुकडा, मेलेला दिसला तरी, उचलून आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा ठरतो.

परंतु जो शेतकरी समुद्रावर कधी गेलाच नाही, त्याचाही या प्रवाळाशी संबंध आहे. वरकस जमिनीत नाचणीसाठी उतारावर वरून खाली नांगरट केली, की पावसाबरोबर तांबडी माती वहाळात व वहाळातून खाडीत जाते. मालवणच्या उत्तरेस कोळंबची खाडी समुद्रास मिळते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गढूळ होते ते या मातीमुळे. गढूळ पाण्यातून प्रकाश खाली पोहोचत नाही आणि आतील शैवालाचे काम मंदावते. प्रवाळावर गाळ बसला तर तो झटकण्यातच त्याची शक्ती खर्च होते. त्यात खताचा अंश आला, की मोकळे शेवाळ माजून प्रवाळास झाकून टाकते. म्हणजे शेतातील जी माती व जे खत आपण पैसे मोजून राखावयाचे, तेच तेथे विष होते.

यावर उपाय शेतकऱ्याच्या हिताचेच आहेत. उतारास आडवी नांगरट करावी. समपातळी चर खणावेत व त्यांच्या कडेने वाळ्याची ओळ लावावी. भातास युरिया फेकून देण्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या वापराव्यात : लावणीनंतर चार चुडांच्या मध्ये एक गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचावी. असे खत पाण्याबरोबर सहजी वाहून जात नाही व कमी खतात पीक साधते. मजुरी थोडी अधिक पडते, हे खरे. खाडीकाठची तिवरे तोडू नयेत. त्यांच्या मुळांत बराच गाळ अडतो.

ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत मांडताना मच्छिमार व बागायतदार या दोघांनाही एकत्र बसवावे. शक्य झाल्यास मुसळधार पावसानंतर वहाळाचे पाणी काचेच्या बरणीत घेऊन ते रात्रभर स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेली माती सर्वांना दाखवावी. चरांचे काम मात्र मेअखेरपर्यंत आटोपावे. मृगाचा पाऊस येतो तेव्हा जमीन उघडी असते आणि माती सुटून जाण्याचा धोका तेव्हाच मोठा असतो.