बारवेतल्या पायऱ्या : त्रिमितीय खेळ कसा घडतो

स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मला वसतिगृहातील भेटीच्या एका रविवारची आठवण झाली. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "पोरगं म्हणतं, मी गेम बनवतो. बनवतो म्हणजे नेमकं करतो काय, सर? खेळतच असेल ना?" शंका रास्त होती. त्या दिवशी मला तिचे नीट उत्तर देता आले नाही.

शाळेच्या संगणक कक्षात नववीचे सात विद्यार्थी आणि मी, असे आम्ही आठ जण दर शनिवारी दुपारी जमत असू. एक मुलगी ओसाड बारवेत उतरते, तेथे लपलेले तीन दिवे शोधून पेटविते आणि तळाशी असलेले दार उघडते, एवढेच आमच्या खेळाचे कथानक. खेळून संपायला दहा मिनिटे लागतात. घडवायला पाच महिने लागले.

असा खेळ गेम इंजिनवर उभा राहतो. पडद्यावर चित्र उमटविणे, छायाप्रकाश, गुरुत्वाकर्षण, वस्तूंची टक्कर, ध्वनी या गोष्टी बहुतेक प्रत्येक त्रिमितीय खेळाला लागतात. त्या दर वेळी नव्याने लिहीत बसण्याऐवजी तयार मिळाव्यात, यासाठी रचलेली यंत्रणा म्हणजे इंजिन. आम्ही 'गोदो' हे इंजिन निवडले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी ते घडविले आणि 2014 साली सर्वांसाठी खुले केले. त्याला शुल्क नाही, आणि खेळ विकला तरी उत्पन्नात वाटा द्यावा लागत नाही. सॅम्युअल बेकेटच्या नाटकातला गोदो शेवटपर्यंत येत नाही; इंजिनातही नवे काही जोडण्याची इच्छा कधी संपत नाही, म्हणून हे नाव. आमच्या मुलांनीही पहिल्या शनिवारी घोडा, वाघ, पाऊस आणि भुयारातली लढाई मागितली होती. त्यातले सगळे खोडून तीन दिवे उरले, तेव्हा कुठे काम सुरू झाले.

इंजिन उघडले की समोर रिकामे जग असते. गुरुत्वाकर्षणाच्या रकान्यात मात्र 9.8 हा आकडा आधीच भरलेला असतो, आणि तो पाहून मुले हसली. विज्ञानाच्या पुस्तकातला ओळखीचा माणूस भेटावा तशी. पायऱ्या, कोनाडे, मुलगी या आकृती आम्ही ब्लेंडर या दुसऱ्या मोफत साधनात घडविल्या आणि इंजिनात आणल्या.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. खेळात जे दिसते आणि ज्याला स्पर्श होतो, ते वेगवेगळे असते. दिसणारी मुलगी शेकडो लहान त्रिकोणांची बनलेली असते. तिची टक्कर मोजायला इंजिन मात्र औषधाच्या कॅप्सूलसारखा एक साधा, अदृश्य आकार वापरते. भिंतीला असा स्पर्शाचा आकार द्यायचा राहिला, तर मुलगी भिंतीतून आरपार जाते. आमची खरी अडचण पायऱ्यांची होती. बारव म्हणजे पायऱ्याच. आणि आमची कॅप्सूल प्रत्येक पायरीच्या कडेला अडखळत होती. उपाय जुना आहे : पायऱ्यांवर एक अदृश्य उतार अंथरायचा. डोळ्यांना मुलगी पायऱ्या उतरताना दिसते, प्रत्यक्षात ती घसरगुंडीवरून चालत असते. "ही फसवणूक झाली," असे एक विद्यार्थिनी म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात एक पूर्ण शनिवार गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. त्रिमितीय खेळात मुलीच्या मागून पाहणारा एक कॅमेरा असतो, आणि तो कोठे ठेवायचा हे आपणच ठरवायचे असते. 1996 च्या 'सुपर मारिओ 64' मध्ये ढगावर बसलेले एक पात्रच कॅमेरा धरून मारिओच्या मागे फिरते. ही युक्ती मला आजही आवडते. आमच्या अरुंद बारवेत कॅमेरा भिंतीच्या आत शिरे आणि जगाची पोकळ बाजू दिसे. म्हणून मुलगी आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक अदृश्य दांडा जोडला. मागे भिंत आली की तो आपोआप आखडतो. उडीचे मापही आधी ठरविले. त्याच वर्षीच्या 'टूम रेडर'चे जग समान मापाच्या ठोकळ्यांनी रचलेले होते. जागेवरून उडी एक ठोकळा, धावत दोन. आमची मुलगी दोन मीटर उडते, म्हणून तुटलेल्या पायऱ्यांमधले अंतर दीड मीटर ठेवले.

तरीही एकदा फजिती झालीच, आणि चूक माझीच होती. माझ्या संगणकावर व्यवस्थित चालणारी मुलगी शाळेतल्या जुन्या संगणकावर रखडत चालू लागली. प्रत्येक चित्रागणिक ती सहा सेंटिमीटर पुढे सरकावी, असे मी लिहिले होते. माझ्याकडे सेकंदाला 60 चित्रे उमटत, म्हणजे वेग 3.6 मीटर, शाळेत 20 उमटत, म्हणजे 1.2 मीटर. दोन चित्रांमध्ये किती काळ गेला ते मोजून त्याने वेगाला गुणायला हवे होते. फळ्यावर दुरुस्ती लिहू लागलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, हे तर अंतर बरोबर वेग गुणिले काळ!"

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते वडील आले. मुलाने त्यांना खुर्चीवर बसवून खेळ सुरू करून दिला. दुसरा खेळत असताना आपण बोलायचे नाही, कोठे अडतो ते फक्त पाहायचे, हा आमचा नियम. दुसरा दिवा वडिलांना सापडेना. मुलगा ओठ घट्ट मिटून मागे उभा. मग वडील एका कोपऱ्यात शिरले. तेथे दोन भिंतींमध्ये आम्हा आठ जणांना पाच महिन्यांत न दिसलेली फट होती. मुलगी त्या फटीतून बारवेबाहेर गेली आणि काळ्या पोकळीत खाली खाली पडत राहिली.

"मी काय बिघडवलं का रे?" वडिलांनी घाबरून विचारले.

"नाही पप्पा," मुलगा म्हणाला, "आता परत तिथंच जा, हळूहळू," आणि त्याने वही उघडली.